हिमाखालचा किनारा: थंडीत सगळी वर्दळ समुद्राच्या कडेलाच का असते?

थंड प्रदेशातल्या समुद्रकाठच्या गावात रात्रभर हिम पडून गेलं की सकाळी पुळणीवर एक रेघ दिसते. रेघेच्या वरच्या अंगाला छपरं, उलट्या घातलेल्या होड्या, वाळूच्या टेकड्या, कुंपणं, सगळं पांढरं. खालच्या अंगाला मात्र ओली काळपट वाळू, शेवाळ आणि उघडे खडक. हिम तिथेही पडलेलं असतं, पण भरतीचं पाणी येऊन ते वितळवून जातं. समुद्राचं पाणी त्या हिमापेक्षा उबदार असतं आणि खारट असल्यामुळे शून्य अंशाखालीही पातळ राहतं.

हिवाळ्यातला किनारा समजून घ्यायचा तर या रेघेपासून सुरुवात करावी. रेघेच्या वरची जमीन पक्ष्यांसाठी आणि प्राण्यांसाठी जवळजवळ बंद झालेली असते. माती दगडासारखी कडक, किडे खोल गेलेले, बिया हिमाखाली गाडलेल्या. रेघेच्या खाली मात्र अन्न उघडं असतं, आणि तेही दिवसातून साधारण दोनदा, प्रत्येक ओहोटीला. म्हणून ज्या ऋतूत मैलभर आतल्या रानात चिटपाखरू दिसत नाही, त्याच ऋतूत समुद्राच्या कडेला बदकं, तुरुतुरु धावणारे किनारपक्षी, सील, गरुड, घुबडं गर्दी करतात. हिमाने झाकलेला किनारा निर्जीव दिसतो, पण त्या भागात थंडीच्या दिवसांत सगळ्यात जास्त जीवन तिथेच असतं. याचं कारण समुद्रात साठलेल्या उष्णतेत आहे.

उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यात खर्च होते

पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. समुद्राच्या पृष्ठभागाच्या वरच्या सुमारे तीन मीटर थरात जेवढी उष्णता मावते, तेवढीच त्याच्यावरच्या सबंध वातावरणात मावते. समुद्राची सरासरी खोली तर काही हजार मीटर आहे. उन्हाळाभर वरच्या थरांत साठलेली ऊब थंडीत थोडी थोडी हवेत सुटत राहते. त्यातच समुद्रप्रवाह दुसरीकडची ऊब आणून टाकतात. नॉर्वेमधलं ट्रॉम्सो हे शहर ६९ अंश उत्तरेच्याही वर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच पलीकडे आहे. २७ नोव्हेंबरच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या मध्यालाच उगवतो. डोंगर हिमाने भरलेले असतात, तरी बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह त्या किनाऱ्याला लागून वर जातो.

हीच ऊब किनाऱ्यावर हिमही पाडते. ऐकायला हे उलटं वाटेल, पण हिम पडायला नुसती थंडी पुरत नाही, हवेत बाष्प लागतं. फार थंड हवा बहुधा कोरडी असते. अशी कोरडी, गोठलेली हवा उघड्या आणि तुलनेने कोमट समुद्रावरून वाहू लागली की खालून तिला ऊब मिळते आणि बाष्पही मिळतं. खालची हवा हलकी होऊन वर चढते, वरची थंड हवा खाली येते, ढगांच्या लांबच लांब समांतर रांगा तयार होतात आणि जमीन लागताच त्या रित्या होतात. मध्ये डोंगर असेल तर विचारायलाच नको. जपानचा पश्चिम किनारा याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. सायबेरियातून आलेले वारे जपानच्या समुद्रावरून येतात. त्या समुद्रात त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आहे. वाऱ्यांनी तिथे उचललेलं बाष्प किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडतं आणि खाली येतं. निइगाता प्रांतातलं ताकादा हे ठिकाण समुद्रापासून काही किलोमीटरवरच आहे, उंचावर नाही. तिथे २६ फेब्रुवारी १९४५ रोजी साठलेल्या हिमाची खोली ३७७ सेंटिमीटर मोजली गेली होती. म्हणजे एक मजला पूर्ण बुडेल एवढी.

पण समुद्र कधीकधी हिम हिरावूनही घेतो. वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल आणि पाणी पुरेसं कोमट असेल, तर ढगातून निघालेलं हिम खाली येईपर्यंत वितळून पाऊस होतं. त्यामुळे एकाच वादळात किनाऱ्यावरच्या वस्तीत पाऊस आणि पाच-दहा किलोमीटर आत गुडघाभर हिम, असं पुष्कळदा घडतं. किनाऱ्यावरच्या हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्यांना ही सीमारेषा कायम छळते, कारण वारा थोडा फिरला तरी ती सरकते.

कडाक्याच्या थंडीत पहाटे समुद्रावरून वाफ उठताना दिसते. दर्यावर्दी तिला समुद्राचा धूर म्हणतात. पाणी उकळत नसतं, ते शून्याच्या आसपासच असतं. पण वरची हवा त्याहून दहा-पंधरा अंशांनी थंड असली की पाण्यावरचं बाष्प लगेच थिजून बारीक थेंब होतात आणि वाऱ्याबरोबर सरकत राहतात. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना हा धूर केशरी होतो. मला विचाराल तर हिमाळ किनाऱ्यावर पाहण्यासारखं सगळ्यात सुंदर दृश्य हेच आहे, आणि ते तासाभरात विरतं.

समुद्र गोठतो तेव्हा

गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं, समुद्राचं सुमारे उणे १.८ अंशाला. फरक दोन अंशांचाही नाही, मग तळी गोठतात आणि समुद्र मोकळा का राहतो? कारण घनतेत आहे. गोडं पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर तरंगतं आणि तिथेच गोठतं. म्हणून तळ्याचा फक्त वरचा थर थंड झाला तरी पुरतं. समुद्राच्या पाण्याचं तसं नाही. नेहमीच्या क्षारतेचं पाणी गोठेपर्यंत जड जडच होत जातं. वरचं थंड पाणी खाली बुडतं आणि खालचं कोमट पाणी वर येतं. त्यामुळे पाण्याचा फार जाड थर थंड झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही, आणि तेवढ्यात बहुतेक ठिकाणी हिवाळा संपतो.

ओखोत्स्कच्या समुद्रात हा नियम वाकतो. हा समुद्र रशियाचा पूर्व किनारा, कामचाटका आणि जपानचं होक्काइदो बेट यांच्यामध्ये आहे. अमूर ही प्रचंड नदी आपलं गोडं पाणी त्याच्या वायव्य कोपऱ्यात सोडते. त्यामुळे वरचा सुमारे पन्नास मीटरचा थर कमी खारट, म्हणून हलका राहतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. सायबेरियाच्या थंडीला एवढा थरच निववायचा असतो. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे बर्फ धरायला लागतो, साखालिन बेटाच्या पूर्वेकडून वाहणारा प्रवाह आणि वारा त्याला दक्षिणेकडे ढकलतात, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तो होक्काइदोच्या अबाशिरी गावासमोर येऊन ठेपतो. ते गाव ४४ अंश उत्तरेवर आहे, साधारण फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या रांगेत.

बर्फ धरण्याची रीतही बघण्यासारखी असते. आधी पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात. ते पृष्ठभागावर जमले की पाणी तेलकट, जड दिसायला लागतं आणि लाटा मंदावतात. मग लाटांच्या हेलकाव्यांनी त्याचे गोल तुकडे होतात आणि एकमेकांवर आपटून आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा वेळी सबंध उपसागरात कुणीतरी पराती सोडून दिल्यासारख्या वाटतात. पुढे त्या चिकटतात आणि सलग पत्रा तयार होतो.

गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. काही मीठ बर्फाच्याच बारीक नळ्यांमध्ये अतिखारट पाणी होऊन अडकतं. त्या नळ्यांत आणि बर्फाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म शैवाल वाढतं, इतकं की उलटलेला तुकडा तपकिरी दिसतो. वसंतात बर्फ वितळला की हे शैवाल पाण्यात सुटतं, त्यावर सूक्ष्म प्राणी पोसतात, त्यांच्यावर मासे आणि माशांवर सील, पक्षी, व्हेल. तेव्हा वरून ओसाड वाटणारं ते बर्फाचं मैदान खालून पेरलेलं शेत असतं. बर्फात जागोजागी निळी झाक दिसते, तीही याच ओघात सांगतो. हिम पांढरं दिसतं, कारण त्याच्या असंख्य कडांवरून सगळ्या रंगांचा प्रकाश विखुरतो. दाट, हवा नसलेल्या बर्फात प्रकाश खोल जातो, वाटेत तांबडा रंग शोषला जातो आणि निळा उरतो.

गरुड, मासे आणि शिसं

होक्काइदोच्या ईशान्य टोकाला शिरेतोको द्वीपकल्प आहे. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि त्यामागे समुद्रातला बर्फ आणि जमिनीवरचं जीवन यांचं हेच जोडलेपण होतं. त्याच्या पूर्व अंगाला राउसू हे मासेमारीचं गाव आहे. फेब्रुवारीत तिथे स्टेलरचे समुद्रगरुड जमतात. काळपट अंग, पांढरे खांदे, पांढरी शेपूट आणि भली मोठी पिवळीधमक चोच. मादी नऊ किलोपर्यंत भरते आणि पंखांचा विस्तार अडीच मीटरपर्यंत जातो. वजनाने जगातल्या सगळ्यात मोठ्या गरुडांपैकी हा एक. सबंध जगात तो सुमारे पाच हजारच उरला आहे, आणि वीण फक्त रशियाच्या अतिपूर्वेला, कामचाटका, ओखोत्स्कचा किनारा आणि अमूरच्या खालच्या खोऱ्यात होते. हिवाळ्यात त्यांच्यातला मोठा हिस्सा होक्काइदोकडे येतो. सोबत पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुडही असतात.

हे गरुड नेमके तिथेच का येतात, याचा धागा माणसाच्या मासेमारीशी जुळलेला आहे. राउसूसमोरच्या सामुद्रधुनीत पोलॉक मासा मोठ्या प्रमाणावर पकडला जाई. जाळ्यांतून सुटलेल्या, फेकून दिलेल्या माशांवर गरुड जगत. १९९० च्या दशकात हा मासा घटला. उपाशी गरुड जमिनीकडे वळले आणि शिकाऱ्यांनी मारून सोडलेल्या सिका हरणांचं मांस खाऊ लागले. त्या मांसात शिशाच्या गोळ्यांचे कण होते. शिसं पोटात गेलं की पक्ष्याची मज्जासंस्था बिघडते, पंख लुळे पडतात आणि तो भुकेने मरतो. गरुड मेलेले सापडू लागले, कारण उघड झालं आणि होक्काइदोने हरणांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर २००० सालापासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली. गरुड बर्फावर दिमाखात बसलेला दिसतो तेव्हा त्याच्या मागे मासा, हरीण, बंदूक आणि कायदा अशी सगळी साखळी उभी असते. मला ती माहीत असणं त्या छायाचित्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राउसूच्या पर्यटक बोटींवरून बर्फावर मासे टाकले जातात, आणि गरुडांची जवळून घेतलेली बरीच प्रसिद्ध छायाचित्रं त्याच क्षणांची आहेत. यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं की पोसलेल्या अन्नाची सवय लागलेला रानटी पक्षी माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहतो. किनाऱ्यावरच्या झाडांवर बसलेले, स्वतःचं अन्न शोधणारे गरुड दुर्बिणीतून बघणं कधीही चांगलं.

अंधारातले हेरिंग

नॉर्वेच्या उत्तरेला चित्र वेगळं. तिथे समुद्र मोकळा आहे आणि गर्दी पाण्याखाली होते. हेरिंग मासे शरद ऋतूत खाणं जवळजवळ थांबवतात आणि फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांमध्ये, प्रचंड थव्यांनी हिवाळा काढायला येतात. त्यांच्या मागोमाग ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी व्हेल, आणि कुबड्या व्हेल येतात. ऑर्का टोळीने शिकार करतात. हेरिंगच्या थव्याला खालून आणि बाजूंनी घेरून, पांढरी पोटं दाखवत, बुडबुडे सोडत त्याचा घट्ट गोळा करतात आणि पृष्ठभागाकडे रेटतात. मग शेपटीचा जोरकस फटका मारायचा, सुन्न झालेले मासे एकेक करून उचलायचे. वर कुरव पक्षी उरलेसुरले वेचतात. कुबड्या व्हेल बऱ्याचदा हा घेरलेला गोळा आयता गिळायला येतात.

हेरिंगचं हिवाळी ठिकाण मात्र कायमचं नसतं. १९९० च्या दशकात तीस्फ्योर्डमध्ये हेरिंग असायचे आणि व्हेल बघायला लोक तिथे जात. पुढे हेरिंग हलले, मग काही हिवाळे ट्रॉम्सोजवळच्या फ्योर्डांत गेले, त्यानंतर आणखी उत्तरेला शेर्व्हॉयच्या आसपास. मासे हलले की व्हेल हलतात, आणि त्यावर बेतलेला गावाचा हिवाळी धंदाही हलतो. म्हणून जुन्या प्रवासवर्णनावर विसंबून ठिकाण ठरवू नये, त्या वर्षी हेरिंग कुठे आहेत हे आधी पाहावं.

गोठूनही जगणारे, आणि त्यांच्यावर जगणारे

आता पुन्हा त्या उघड्या पट्ट्याकडे. ओहोटीच्या वेळी खडकाला चिकटलेले काळे-निळे मसल शिंपले उणे पंधरा अंशांच्या हवेत उघडे पडतात. काही तासांनी भरतीचं पाणी येतं, ते उणे एक अंशाचं. म्हणजे दिवसातून दोनदा गोठायचं आणि दोनदा वितळायचं. या शिंपल्यांच्या शरीरातलं निम्म्याहून अधिक पाणी गोठलं तरी ते मरत नाहीत. युक्ती अशी की बर्फ पेशींच्या बाहेर होऊ द्यायचा. आतलं पाणी हळूहळू बाहेर खेचलं जातं, पेशी आकसतात, पण त्यांच्या आत धारदार स्फटिक तयार होत नाहीत. खडकांवरच्या काही गोगलगायीही हेच करतात. मासे हा मार्ग घेत नाहीत. थंड समुद्रातल्या काही माशांच्या रक्तात बर्फाच्या बारीक स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखणारी प्रथिनं असतात. अंटार्क्टिकातल्या माशांमध्ये ती आर्थर डीव्रीस यांनी १९६० च्या दशकात शोधली.

शिंपले जगले म्हणून त्यांच्यावर जगणारे जगतात. आयडर हे जाडजूड समुद्री बदक बुडी मारून शिंपले उपटतं, कवचासकट गिळतं आणि पोटातल्या मांसल पेषणीत भरडतं. त्याच्या छातीवरची मऊ पिसं ऊब धरण्यात इतकी वरचढ आहेत की माणूस शतकानुशतकं ती घरट्यांतून गोळा करत आला. लाटा फुटतात त्या खडकांवर पर्पल सँडपायपर नावाचा करडा, गुबगुबीत पक्षी असतो. एवढ्या उत्तरेला हिवाळा काढणारा दुसरा किनारपक्षी नाही. पुळणीवर सँडरलिंग लाटेच्या मागे धावतात आणि लाट उलटली की परत फिरतात. प्रत्येक लाट वाळूतले बारीक कवचधारी जीव उघडे करून जाते, त्यासाठी ही धावपळ.

बर्फावर अनवाणी उभ्या असलेल्या कुरवाचे पाय गोठत नाहीत, याचं उत्तर रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या रोहिण्या आणि पायाकडून परतणाऱ्या थंड रक्ताच्या नीला एकमेकींना बिलगून असतात. जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देतं. पावलापर्यंत पोचतं ते शून्याच्या जरा वरचं रक्त, गोठू नये एवढंच. पाऊलच थंड असल्यामुळे बर्फाकडे जाणारी उष्णता नगण्य. तरीही तो एक पाय पिसांत घेऊन उभा राहतो, कारण तेवढीही बचत त्याला हवी असते.

टुंड्रासारखी दिसणारी पुळण

काही हिवाळ्यांत अमेरिका आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर हिमघुबडं येतात. उंच झाडं नसलेली, वाऱ्याने झोडपलेली वाळूची टेकाडं त्यांच्या टुंड्रातल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या उजाड गोठलेल्या माळावरच्या, घरासारखीच असतात. म्हणून ती पुळणींवर आणि विमानतळांच्या माळांवर उतरतात. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून पक्षीअभ्यासक नॉर्मन स्मिथ १९८१ पासून ही घुबडं पकडून सुरक्षित जागी सोडत आले. २०१३-१४ च्या हिवाळ्यात इतकी घुबडं आली की अभ्यासकांनी प्रोजेक्ट स्नोस्टॉर्म नावाचा उपक्रम सुरू केला आणि काहींच्या पाठीवर माग काढणारी उपकरणं बसवली. समज असा होता की ही घुबडं उत्तरेतल्या उपासमारीने पळून येतात. तपासणीत बहुतेक घुबडं चांगली धष्टपुष्ट निघाली. उत्तरेत लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची पैदास जोरात झाली की घुबडांची पिल्लंही भरपूर वाढतात आणि त्यांतली तरुण घुबडं दक्षिणेला पसरतात. माग काढल्यावर असंही कळलं की काही घुबडं रात्री पाण्यावर जाऊन समुद्री बदकांची शिकार करतात.

दिवसा हे घुबड टेकाडावर डोळे मिटून बसलेलं असतं. ते निवांत दिसतं म्हणून लोक पाच-दहा पावलं पुढे, पुन्हा पाच-दहा पावलं पुढे असे सरकत जातात. घुबडाने मान उंचावून तुमच्याकडे रोखून पाहिलं की समजावं, आपण आधीच फार जवळ आलो आहोत. ते उडालं तर दिवसाची झोप मोडते, भर उजेडात कावळे आणि ससाणे मागे लागतात आणि रात्रीच्या शिकारीसाठी राखलेली शक्ती वाया जाते.

सीलचंही हेच. हार्प सीलची पिल्लं कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातात फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये तरंगत्या बर्फावर जन्मतात. जन्मतः सुमारे ११ किलो वजन आणि अंगावर पांढरीशुभ्र लव. आईच्या दुधात जवळपास निम्मी चरबी. जेमतेम बारा दिवस ती पाजते आणि तेवढ्यात पिल्लू तिपटीने वाढतं. मग आई निघून जाते आणि पिल्लू कित्येक आठवडे त्या साठलेल्या चरबीवर काढतं. या बारा दिवसांत बर्फ टिकला पाहिजे. पातळ बर्फाच्या वर्षी तो वादळात फुटतो आणि पोहता न येणारी पिल्लं बुडतात. पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार कॅनडाने १९८७ मध्ये थांबवली, पण आता धोका हवेच्या तापमानाकडून आहे. ब्रिटनमधल्या डोना नूकच्या पुळणीवर करड्या सीलची पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थेट वाळूवरच जन्मतात. तिथे प्रेक्षकांना कुंपणाआडून बघू देतात, आणि ती पद्धत मला फार आवडते. प्राणी आपापल्या जागी आणि माणसं आपापल्या.

ज्यांना थंडी झेपत नाही

सगळेच जीव या ऋतूसाठी घडलेले नाहीत. मॅसॅच्युसेट्सचं केप कॉड हे भूशिर गळासारखं वळलेलं आहे. उन्हाळ्यात उत्तरेला चरायला आलेली केम्प्स रिडली जातीची लहान समुद्री कासवं शरदात दक्षिणेला निघतात आणि या वळणाच्या आत अडकतात. पाणी सुमारे दहा अंशांच्या खाली गेलं की त्यांचं शरीर बधिर होतं, पोहता येत नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या वाऱ्यांनी ती पुळणीवर फेकली जातात. २०१४ मध्ये अशी १,२०० हून अधिक कासवं आली. मेल्यासारखं दिसणारं कासवही बऱ्याचदा जिवंत असतं. अशा कासवाला पुन्हा पाण्यात सोडू नये, ते हमखास मरतं. घरी नेऊन ऊबही देऊ नये, कारण त्याचं तापमान काही दिवसांत, सावकाशच वाढवावं लागतं. भरतीच्या रेघेच्या वर सरकवून ठेवायचं, कोरड्या शेवाळाने झाकायचं म्हणजे वारा लागत नाही, जागेची खूण करायची आणि तिथल्या बचाव पथकाला कळवायचं. पुळणीवर एकटं पडलेलं सीलचं पिल्लू दिसलं तर मात्र हातही लावायचा नाही. आई बहुधा जवळच्या पाण्यात असते आणि माणूस हटेपर्यंत ती वर येत नाही. पन्नास मीटरवर थांबा, कुत्र्याला दोरीने बांधा आणि पिल्लू जखमी वाटलं तर दुरूनच कळवा.

बघायला जाताना

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. किनारपक्षी ओहोटीला दूरवर पसरतात आणि भरती चढू लागली की अन्नाचा पट्टा अरुंद होत जाऊन ते तुमच्याकडे ढकलले जातात. भरती चढण्याच्या वेळी एका जागी बसून राहिलात तर पक्षी आपणहून जवळ येतात, त्यांच्यामागे जायची गरज पडत नाही. खाडीचं मुख, वाहत्या पाण्याचा अरुंद मार्ग, बंदराचा धक्का, जिथे जिथे पाणी उशिरा गोठतं तिथे बदकं दाटतात.

वाऱ्याला कमी लेखू नका. हवा उणे दहा अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती उणे वीसइतकी लागते, आणि किनाऱ्यावर वारा बहुतेक असतोच. पाण्याच्या कडेला लाटांच्या तुषारांनी बर्फाचा ओटा तयार होतो. वरून तो भक्कम दिसतो, पण लाटांनी त्याला खालून पोखरलेलं असतं. त्यावर पाय ठेवू नये. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यात पडलेल्यांसाठी एक साधं गणित सांगितलं आहे: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. घाबरून पहिल्याच मिनिटात पाणी नाकातोंडात गेल्याने अधिक माणसं दगावतात, थंडीने गोठून नव्हे.

छायाचित्रं काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ताजं हिम पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतं. कॅमेऱ्याला वाटतं की दृश्य फारच उजळ आहे, म्हणून तो ते अंधारं करतो आणि हिम राखाडी येतं. प्रकाशमान एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) मुद्दाम वाढवलं की हिम पांढरं येतं. दुसरं, थंडीतून घरात आल्यावर कॅमेरा लगेच पिशवीबाहेर काढू नका. आतल्या दमट हवेचं पाणी थंड काचेवर जमतं. बाहेर असतानाच तो हवाबंद पिशवीत घालावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवली की जास्त टिकते.